वेशीवरची धून

आमच्या नातीनं मला परीक्षक केलं, त्याला आता बरेच दिवस झाले. ती पुण्यात नोकरी करते. दिवसभर कानात गाणी, आणि संध्याकाळी फोनवर एकच तक्रार. "आजी, नवा अल्बम लावला की पयल्याच गान्यात वाटते, हे तं आपल्या ओळखीचं हाय. नवं कोनी काही करूनच नाही राह्यलं." मग तिच्या डोक्यात आलं, की जिनं जन्मात रॉक ऐकलं नाही तिच्याकडून तपासून घ्यावं. दिवाळीला आली तेव्हा एक गोल डबीसारखा स्पीकर घेऊन आली, फोनला जोडून दिला आणि सांगितलं, "दर रविवारी एक अल्बम धाडीन. अलीकडचाच. तू फक्त सांगायचं, खरंच नवा हाय का नाही."

गावात, किन्हीराजात, सकाळी अकरा वाजता आमच्या ओसरीतून जे आवाज यायला लागले, त्यानं शेजारणीला वाटलं की आमची चक्की बिघडली.

माझी पद्धत सोपी आहे. मी तूर निवडत ऐकते. हात गुंतले की कान लबाडी करत नाही. गाणं पुढं कुठं वळणार, ते मी आधीच गुणगुणून ठेवते. त्याचं वळण आणि माझं वळण एक निघालं की नापास. कुठल्याशा थंड देशातली एक पोरगी गोधडीत तोंड घालून गायल्यासारखी गात होती. आवाज नवा होता, पण चाल आमच्या शाळेतल्या प्रार्थनेहून सरळ. नापास. चार पोट्ट्यांनी गिटारी अशा किंचाळायला लावल्या की गोठ्यातली गाय उभी राहिली. तेही नापास. नातीला राग आला. "आजी, इतकं विचित्र हाय ते, तरी नवं नाही?" मी म्हटलं, "माय, भांडे पाडले म्हनून नवा सैपाक होत नसते." एका बाईचा अल्बम मात्र पहिल्या फटक्यात पास झाला. ती मधेच गाणं सोडून कोणाला तरी झापायची, ढोल तिच्याशी भांडायचा आणि खालचं जाड गिटार या दोघांकडं लक्ष न देता आपल्या वाटेनं चालत राहायचं. पुढं काय होणार ते मला एकदाही कळलं नाही. त्या दिवशी तुरीत खडे राहिले.

आता कोणी विचारेल, की आठवी शिकलेल्या म्हातारीला एवढा तोरा कशाचा? तोरा होता. कारण जगात पूर्वी कुठंच नव्हती अशी एक धून मी स्वतः जन्मताना पाहिली होती, आणि ती जन्माला घालणाऱ्या माणसाशी लग्न केलं होतं.

माझं माहेर कारंजा. सतरा-अठरा वर्षांची असताना मावसबहिणीच्या लग्नाला इथं, किन्हीराजाला आले. नवरदेव वेशीवर पोचला आणि गावातल्या पोरांच्या बेंजो पार्टीनं एक धून सुरू केली. बेंजो म्हणजे ते टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्याकडं मिरवणूक त्याच्याशिवाय निघत नाही. तोवर मी बेंजोवर फक्त सिनेमाची गाणी ऐकली होती. ही धून कुठल्याच सिनेमातली नव्हती. ती वर चढायची, वाटायचं की आता उतरेल, तर तिथंच ठेचकाळायची, क्षणभर थांबायची आणि भलत्याच बाजूनं खाली यायची. मी मारुतीच्या ओट्यावर उभी होते. हातातल्या अक्षता घामानं भिजल्या. वाजवणारा काळासावळा, केस कपाळावर, मान खाली. मला वाटलं, एवढी लाजाळू मान कोणाची असेल!

त्याच वर्षी मला दोन स्थळं आली. एक मानोऱ्याकडचं. ओलिताची जमीन आणि दारात जीप. दुसरं हे बेंजोवाल्याचं. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, जीपवाल्याला जवळजवळ होकार कळवला होता. मी जेवण सोडलं. माझी आई म्हणाली, "काय पाह्यलं वं त्याच्यात?" मी भिंतीकडं तोंड करून उत्तर दिलं, "तो स्वतः धून बनवते." जणू काही धुनेला भाकर लावून खायची होती. ती बावळट पोरगी आज समोर आली तर मी तिला आधी पोटभर जेवू घालीन आणि मग जीपमध्ये बसवून देईन.

लग्नानंतर पहिल्यांदा धीर करून ह्यांना विचारलं होतं, "ते वेशीवरची धून कोनाची व्हय?" हे म्हणाले, "माह्या मनातली." "आन मधात ठेच लागते ते?" हे हसले. "तवा तू मारुतीच्या ओट्यावर उभी होती. तुले पाह्यलं आन बोट घसरलं. मंग मी ते घसरलेलं तसंच ठेवलं."

सांगा, यानंतर कोणती बाई जीप आठवेल? सासूनं भाकरी करपली म्हणून बोलावं आणि मी मनात म्हणावं, बोला, बोला, माझ्यावरून एका माणसाचं बोट घसरलेलं आहे. पुढं ती धून गावाची झाली. हे बेंजो वाजवायचे थांबले, दुसऱ्या पोरांनी शिकून घेतली. आजही नवरदेव वेशीवर आला की तीच वाजते आणि ठेच आली की जुन्या बाया माझ्याकडं पाहून पदरात हसतात. ती गोष्ट त्यांना मीच सांगितली होती, प्रत्येकीला वेगवेगळी बोलावून.

तर गेल्या उन्हाळ्यातला एक रविवार. नातीनं अल्बम धाडला, खाली लिहिलं, "आजी, हा पास होणारच." तीन गाणी झाली. खरंच चांगली होती. एका गाण्यात तर नुसता श्वास आणि टाळी होती, तरी पुढं काय ते कळेना. मी मनातल्या मनात पास करून टाकलं होतं. चौथं गाणं लागलं. एक माणूस गिटार घेऊन हळू सुरू झाला. मी नेहमीसारखी पुढचं वळण गुणगुणायला गेले, आणि तो माझ्याबरोबर चालू लागला. पाऊल न् पाऊल. वर चढला. ठेचकाळला. थांबला. भलत्याच बाजूनं खाली आला.

सुपातली तूर ओसरीभर झाली.

मी तिथल्या तिथं नातीला फोन लावला. "चोरी झाली!" ती घाबरली. "काय गेलं? कपाट फोडलं काय?" "तुह्या आबाची धून गेली. त्या गोऱ्या चोट्ट्यानं नेली. वेशीवरची. ठेचेसकट!" तिनं ऐकून पाहिलं. तिलाही ओळखू आली. लहानपणापासून गावातल्या लग्नात नाचलेली ती, धून तिला पाठ. म्हणाली, "आजी, थांब न. मी पाहते. आपन सोडत नाही त्याले." मी तर मनात पार तिथवर पोचले होते, की त्या गोऱ्याची माफी आली तर ती मारुतीच्या पारावर वाचून दाखवायची, आणि वाचताना आवाज किती कापू द्यायचा.

दुपारी तिचा फोन आला. आवाज बसलेला. "आजी, त्यांनं चोरली नाही. सांगून घेतली. ते एक जुनं इंग्रजी गानं हाय, त्यांनं नव्यानं गायलं."

"जुनं म्हंजे किती जुनं?"

तिनं साल पुन्हा एकदा तपासलं. मग म्हणाली, "तुह्या लग्नाच्या आंधीचं."

तिनं मूळ गाणं लावून ऐकवलं. जुनी घासलेली ध्वनिफीत, फाटका आवाज. तो गोरा माणूसही वर चढला आणि बरोबर त्याच जागी ठेचकाळला. त्यानं कोणत्या मारुतीच्या ओट्यावर कोणाला पाहिलं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

"आन म्हनते काय तो गान्यात?" मी विचारलं.

"राहू दे न आजी."

"सांग."

"बायको झोपली असते. तो तिले न उठवता घर सोडून चालला. कायमचा."

म्हणजे इतक्या वर्षांत या गावात जेवढे नवरदेव आले, ते सगळे आम्ही बायको टाकून पळणाऱ्याच्या गाण्यावर वेशीतून आत घेतले. वर अक्षता टाकल्या.

हे अंगणात बसले होते. फवारणीच्या पंपाचं नोझल टाचणीनं साफ करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अवो, ते वेशीवरची धून कोनाची व्हय?"

"माही. काहून?"

"इंग्रजी हाय ते."

हे "नाही" म्हणाले नाहीत. वर पाहिलं आणि विचारलं, "कोनं सांगतलं?"

तिथंच मला सगळं कळलं. खऱ्या माणसाच्या तोंडी आधी "नाही" येतं. तरी मी उभी राहिले, कारण अजून थोडं शिल्लक असेल अशी त्या जेवण सोडणाऱ्या पोरीला आशा होती. ती मेली अजून माझ्यात कुठंतरी बसलेली आहे.

"कारंज्याले कापसाची गाडी घेऊन गेलो होतो," हे सांगू लागले. "खरेदीवर गाड्यायची लाइन हे एवढी मोठी. दिवसभर जाग्यावर. तिथं एका माडीवर कोनाचा तरी पोट्टा मुंबईहून टेप घेऊन आलता. तेच तेच गानं लावे. मी कापसावर पडून ऐकलं. घरी आलो तं बोटात बसलं होतं."

माझ्याच माहेरातून उचललेली! मी तिथं चार गल्ल्या पलीकडं शेवया वळत असेन. मुलींना बाजाराकडं पाय टाकायची परवानगी असती, तर ही धून मला सरळ गोऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाली असती आणि आज मी जीपवाली असते.

"मंग मनातली काहून म्हनलं?"

"मनात तं होतीच न."

"आन बोट घसरलं ते? मले पाहून?"

ह्यांनी नोझल तोंडाला लावून फुंकर मारली. बराच वेळ फुंकतच राहिले. मग म्हणाले, "बेंजो वाजवतानी खाली पाहा लागते वं. बटनं चुकतेत."

"म्हंजे पाह्यलंच नाही तुमी मले?"

"पाह्यलं असतं तं घसरलंच असतं बोट."

हे असं बोलतात. याच्यावर हसावं की पंप डोक्यात घालावा, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी हसू आलं नाही. खाली मान घालूनच बेंजो वाजवतात, एवढं साधं. शेकडो लग्नांत शेकडो वाजवणारे पाहिले, सगळ्यांच्या माना खाली. आणि मी एकट्या ह्यांच्या मानेला लाजाळू म्हणत राहिले.

मी आत निघाले तेव्हा मागून म्हणाले, "मागची अर्धी माही हाय बरं. त्या पोट्ट्याची टेप अर्ध्यातच अडके. तो पुन्हा पयल्यापासून लावे. मागचं मी ऐकलंच नाही कधी. ते मीच जोडलं. शप्पथ."

धून खाली आल्यावर मागं अजून एक भाग येतो हे खरं. नवरदेवाला ओवाळताना तो वाजतो. संथ, जरासा उदास. नातीला विचारलं. तिनं दोन्ही गाणी, जुनं आणि नवं, शेवटपर्यंत ऐकली. त्यांचं मागचं वेगळंच निघालं. "आजी, आबा खरं बोलून राह्यले!" ती आनंदली. मी नाही. एका टेपवरून अर्धी आणली, तर दुसरीवरून दुसरी अर्धी आणायला कोणी अडवलं होतं?

तेव्हापासून मी परीक्षक राहिले नाही. अल्बम अजून येतात, मी अजून ऐकते, पण नवं काय ते शोधत नाही. जुनेही मागवून घेते. प्रत्येक गाण्यात मी त्या संथ, उदास तुकड्याची वाट पाहते, आणि गाणं त्या बाजूला वळतंय असं वाटलं की सुपातला हात थांबवून म्हणते, नको, नको. मग ते दुसरीकडं वळतं. मी श्वास सोडते, पुढचं लावते.

परवाच्या रविवारी नातीनं विचारलं, "कसा होता अल्बम? पास का नापास?"

"मागची अर्धी नाही सापडली," मी म्हटलं.

"मी अल्बमचं विचारून राह्यली, आजी."

"त्याचं मले काय करायचं?"

फोन ठेवला तर हे दारात उभे. आजकाल रविवारी शेतात जात नाहीत. "सापडली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग?" चेहरा निकाल ऐकायला आलेल्या लहान पोरासारखा.

"मंग काय? लय गाने हायत जगात. बसा तिथं," मी म्हटलं आणि पुढचा अल्बम लावला.