वकीलसाहेबांचा दाब आणि भूलवाल्या बाई

“खरं सांगा, मी काही तुमची सासू नाही.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटच्या खाटेजवळ स्टूल ओढून बाई एवढंच म्हणायच्या आणि माणसं लग्नाआधीच्या भानगडीसुद्धा ओकून टाकायची. नारायणगुड्याच्या आमच्या नर्सिंग होममध्ये बाई भूल द्यायच्या, मी त्यांच्या हाताखाली यंत्रं सांभाळायचो. उंची पावणेपाच फूट, पण त्या आत आल्या की सहा फुटी सर्जन पोट आत घेऊन उभे राहायचे.

बाजारात रोज काहीतरी नवं उतरण्याचे ते दिवस. कोला नवा, टीव्हीवरची चॅनलं नवी, ब्लडप्रेशरची गोळीही नवी. चिक्कडपल्लीचे एक वकीलसाहेब ती घ्यायचे. त्यांच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. बाईंनी बजावलं, “ही गोळी उद्या सकाळी घ्यायची नाही.”

“बीपीची गोळी तर चालू ठेवतात ना मॅडम?” सर्जन म्हणाले.

“बाकीच्या ठेवतात. ही नाही. भुलेत दाब उतरला की शरीर स्वतः सावरतं. ही गोळी त्याचे हात बांधते.”

वकीलसाहेबांनी मान डोलावली. कोर्टात समोरच्या वकिलाचं ऐकताना डोलावत असतील, तशीच.

दुसऱ्या दिवशी भूल चढली आणि दाब घसरला. एकशेचाळीस, नव्वद, साठ. नेहमीचं इंजेक्शन गेलं, पाय उंच केले, दाब ढिम्म. नवा कोरा मॉनिटर असा कोकलला की हिमायतनगरात लोकांनी फोन उचलले असतील. सर्जननी अजून चाकूही लावला नव्हता.

“क्या होरा मॅडम?” सर्जनचा आवाज चिमणीएवढा.

बाईंनी भूल कमी केली, सलाईन मोकळं सोडलं आणि मला म्हणाल्या, “बाहेर यांच्या काकू बसल्यात. गोळी दिली का विचारू नको, नाही म्हणतील. सकाळी देवापुढे काय झालं ते विचार.”

मी धावलो. वकीलसाहेबांच्या त्या काकू शांतपणे म्हणाल्या, “काही नाही रे बाबा, नुसतं तीर्थ दिलं. तीर्थाने उपास मोडत नाही. गोळी देवापुढे ठेवून त्यातच दिली. देवाची झाल्यावर ती औषध कुठे राहिली?”

मी आत येऊन सांगितलं. बाईंनी जबर औषध सलाईनमध्ये मिसळलं आणि थेंब थेंब सोडलं. एक हात थेंबांवर, दुसरा वकीलसाहेबांच्या मनगटावर. पंचावन्न. सत्तर. नव्वद. एकशेदहाला सर्जननी श्वास सोडला, तो मी आलो तेव्हापासून धरलेला होता.

“आज नाही,” बाई म्हणाल्या. “उठवते.”

वकीलसाहेबांनी डोळे उघडले, पोट चाचपलं. “खडे?”

“जागेवर. तुम्हीही जागेवर.”

तिसऱ्या दिवशी काकूंच्या हातातली वाटी बाईंनी घेतली, तीर्थाचं एक बोट वकीलसाहेबांच्या ओठांना लावलं आणि त्यांना आत नेलं. दाब सुतासारखा सरळ राहिला. खडे इतके निघाले की कोपऱ्यावरचा रस्ता झाला असता.

बाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. शोकसभेत नव्वदीचे वकीलसाहेब काठी टेकत उठले. माइक बंद पडला, तर माइकशिवाय पाऊण तास बोलले. त्यांना खाली बसा म्हणायला कुणीही उठलं नाही.