आक्काच्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, असं ती चारचौघांत सांगत असते. राहतं. चांगलं चाळीस वर्षं राहतं.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मालवणात लोकांचे डबे करून मला मास्तर केलं. तिचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं — बरं करता येणार नाही, पण दुखू देणार नाही. पुढच्या खेपेला मी एकटा गेलो. बाईंनी मॉर्फिनच्या गोळ्यांची पुडी दिली, शिक्क्याची चिठ्ठी दिली. अफूपासूनच करतात, म्हणाल्या, पण घाबरू नका.

मी काय ऐकलं? फक्त अफू. नवा कडक कायदा नुकताच आला होता, जामीन मिळत नाही असं पेपरात वाचलं होतं. बांद्याच्या नाक्यावर एसटी थांबली, पोलीस चढले — आणि मला माझ्या शाळेची पोरं दिसली, मी बेड्यांत दिसलो. आक्का? ती दिसलीच नाही. मी पुडी खिडकीतून झुडपात टाकली.

पोलीस दारू शोधत होते. गोव्याच्या गाडीत दुसरं काय शोधणार? शेंबडं पोरही सांगेल. एकाच्या काजूच्या पिशवीत बाटल्या निघाल्या, त्याला उतरवलं. माझी पिशवी नुसती चाचपली. चिठ्ठी खिशातच होती. उतरून चार पावलं मागं गेलो असतो तर — नाही गेलो. गाडी सुटली आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं.

"गोळ्यो गावल्यो रे, बाबू?" आक्कानं विचारलं.

"नाय गो. डॉक्टरणीन नाय म्हणान सांगल्यान."

इतक्या सहज आलं ते तोंडातून! दुसऱ्या दिवशी पुन्हा पणजीला जाता आलं असतं. पण मग पहिल्या पुडीचं काय सांगायचं? मी शाळेत गेलो. पाढे घेतले.

आक्का पदराचा बोळा दातांत धरून पडून असायची. बोळा काढला की एकच म्हणायची, "दुखाक देवचंय नाय म्हणान सांगल्यान, नि फसयल्यान रे माका." ती बाईंना शिव्या द्यायची, आणि मी — मी मान हलवायचो. तिला फसवणारा तिच्या उशाशी बसून तिचे पाय चेपत होता.

तीन आठवड्यांनी बाईंचं कार्ड आलं. गोळ्या संपत आल्या असतील, न्यायला या, आक्कांना आता कसं वाटतं?

मी ते अंगणात उभ्यानं वाचलं. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मी मागल्या दारी गेलो आणि कार्ड पाणी तापवायच्या चुलीत घातलं.

त्यानंतर आक्का अकरा दिवस जगली.