सिंधूवहिनीचे हातमोजे

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या घरी कुरडयांचा चीक घोटत होते. "आत्या, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं? शिरूरला का सणसवाडीला?" पलीकडून हुंदका ऐकू आला आणि मला कळलं. माझा प्रश्न वेड्यासारखा होता, पण वहिनी 'गेली' म्हटल्यावर दुसरं काही मनात यायला जागाच नव्हती. धंदा सुरू केल्यापासून ती सदानकदा मालाचा गठ्ठा घेऊन कुठं ना कुठं गेलेलीच असायची आणि संध्याकाळी परत यायची. आता काही आठवडे उलटलेत, तरी एसटी स्टँडवर शिरूरची गाडी लागली की माझी नजर उतरणाऱ्या बायकांवरून एकदा फिरतेच.

सिंधूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं माहेरचं घर तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या वस्तीवर. आजोबांच्या काळात आमची मेंढरं रानोमाळ फिरायची. वडिलांनी थोडी जमीन घेतली, विहीर पाडली आणि आम्ही एका जागी बसलो. नव्वदच्या सुमारास सणसवाडीच्या बाजूला कारखाने वाढले, तसा दादा एका ठेकेदाराकडं लागला. पत्रे उचलायचं काम. हातमोजे मिळायचे, पण लगेच फाटायचे, आणि नवा जोड येईपर्यंत फाटक्यावरच भागवायचं. एकदा असाच पत्रा निसटला आणि दादाचा डावा तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चिरला. जखम भरली, पण मूठ पुन्हा धड मिटली नाही. ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला.

मी दादाला बघायला माहेरी गेले, तेव्हा वहिनीनं तो फाटका हातमोजा धुऊन, ब्लेडनं उसवून, त्याचे तुकडे ओसरीवर ओळीनं मांडले होते. मला म्हणाली, "वन्सं, ह्याच्यात हाय काय एवढं? जुन्या जीन्स प्यांटीचं कापड हाय. आन् शिवलंय बघा कसं, एकाच शिलाईवर. फाटंल न्हाईतर काय व्हईल?" मी म्हटलं, "मग तू काय करणार?" ती म्हणाली, "दोन शिलाया मारणार." तिच्या धंद्याची सुरुवात एवढीच. दादा तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडलेला होता.

शिरूरच्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं दुकान बंद केलं होतं, त्याचं पायानं चालवायचं मशीन तिनं घेतलं. जागा म्हणून मेंढरं विकल्यापासून रिकामं पडलेलं पत्र्याचं शेड झाडून, सारवून घेतलं. मेंढरांचा वास जायला एक आख्खा पावसाळा लागला. कापड माझ्याकडून जायचं. दौंडला भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बोहारणी गाडीनं यायच्या. त्यांच्याकडच्या फाटक्या जीन्स मी निवडून घ्यायचे, धुऊन वाळवायचे आणि गठ्ठा बांधून न्हावऱ्यावरून शिरूरला जाणाऱ्या एसटीत टाकायचे. शेजारणी हसायच्या. माझे यजमान रेल्वेत, ते म्हणायचे, "दोरीवर एवढ्या प्यांटी बघून लोकांना वाटतंय, आपल्याकडं पोरांचं हॉस्टेलच हाय." पँटीच्या मांडीचा भाग तळहाताला, पोटरीचा पाठीला, अरुंद पट्ट्या अंगठ्याला... वहिनी पुठ्ठ्याचा फर्मा असा फिरवून ठेवायची की कात्रीखालून चिंधीसुद्धा मोजकीच पडे. त्या चिंध्यांचीही तवा उतरवायची फडकी होत.

धंदा जरा चालू लागला तसा दादाला हुरूप आला. मूठ मिटत नसली तरी गठ्ठे सायकलवर बांधून तो माल पोचवू लागला होता. त्याला हायवेला गाळा हवा होता. पाटी हवी होती, विजेवरची मशीनं हवी होती. आलेल्या माणसाला बसायला खुर्च्या तरी हव्यातच, असं त्याचं म्हणणं. मी त्या दिवशी तिथंच होते. वहिनी मशीनवरून न उठता म्हणाली, "अवो, ह्यो धंदा आपल्याला पोसतोय का आपुन त्याला पोसायचं, हे आधी कळू द्या. मग बघू खुर्चीचं." दादा रुसून जेवला नाही. ती मात्र जेवली, भांडी घासली आणि परत शिवायला बसली. तिचा हट्ट असा, आवाज न चढवता चालायचा.

वस्तीवरच्या बायका हळूहळू कामाला आल्या. सुनंदा सगळ्यात आधी आली. तिचा नवरा ऊसतोडीच्या ट्रकवर असायचा. वहिनी दोऱ्याची रिकामी रिळं जपून ठेवायची, सुया धार लावून वापरायची, पण बायकांची मजुरी बाजाराच्या दिवशी सकाळीच हातात द्यायची, दुपारवर जाऊ द्यायची नाही. आणि चहा... चहात तिनं कधी दूध कमी पडू दिलं नाही.

खरी कसोटी पुढं लागली. निम्म्याहून जास्त माल एकाच कारखान्यात जायचा. तिथल्या स्टोअरच्या साहेबांनी एकदा बोलावून सांगितलं की दुसरा माणूस स्वस्त देतोय, तुम्ही एकच शिलाई मारा आणि भाव उतरवा. दादा घरी आला तो ठरवूनच. म्हणाला, "मारू की एकच. समदेच मारत्यात. दोरा वाचंल, टाइम वाचंल. तूच तर रोज वाचव-वाचव करतीस."

वहिनीनं मशीन थांबवलं. "गाळा वाचवला, लाईट वाचवली, पाटी वाचवली," ती म्हणाली. "जे वाचवलं ते आपल्या घरचं वाचवलं. हे कुणाचं वाचवायचं?" आणि तिनं दादाचा डावा हात धरला, तळवा वर केला आणि तो पांढरा व्रण त्याच्याच डोळ्यांपुढं धरला. "ह्यो बघा, आन् मग सांगा. तुम्ही म्हणाल तसं शिवते."

दादा हात सोडवून बाहेर गेला. बराच वेळ विहिरीच्या काठावर बसला होता. आत आला तेव्हा म्हणाला, "साहेबास्नी मीच सांगून येतो उद्या." आणि गेला. ज्या फाटकातून त्याला काढलं होतं त्याच्यासारख्याच एका फाटकातून आत जाऊन नाही म्हणून आला. मला माझ्या भावाचा तेवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

ती ऑर्डर गेली. पुढचे महिने वाईट होते. वहिनीनं एकाही बाईला घरी बसवलं नाही; काम वाटून अर्धा-अर्धा दिवस केला, उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून तळेगावच्या बाजारात विकल्या. आणि स्वतः झोळी घेऊन एसटीत चढली. ग्रील करणारे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे, गॅरेजवाले... रस्त्याकडेला वेल्डिंगची ठिणगी दिसली की उतरायची. दौंडला आली की मी सोबत जायचे. तिथला एक वर्कशॉपवाला म्हणाला, "बाई, आमची पोरं उघड्या हातानं करत्यात. हातमोज्याचा खर्च कोण करणार?" वहिनीनं एक जोड त्याच्या ऐरणीवर ठेवला. "फाटल्यावर बोलवा," म्हणाली आणि निघाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "फुकट दिलास? तू?"

"फुकट कुठं वन्सं? पाटीचे पैशे वाचवल्यात न्हवं, त्यातलाच ह्यो जोड."

असे तिनं किती जोड ठेवले असतील देव जाणे. सगळ्यांनी काही बोलावलं नाही. पण ज्यांनी बोलावलं ते टिकले, आणि दोनेक वर्षांत त्या छोट्या-छोट्या वर्कशॉपांवर शेड पुन्हा भरलं. तो मोठा कारखाना काही परत आला नाही. यावा असं आम्हाला वाटायचं, खोटं कशाला सांगू, पण नाही आला. पुढं सुनंदाचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा वहिनीनं एका झटक्यात सगळ्या मशीनांना मोटारी बसवून घेतल्या. फक्त स्वतःचं मशीन पायाचंच ठेवलं.

मला राग आहे तो इथं. बायकांच्या गुडघ्यांसाठी तिनं खर्च केला, पण तिला जिना चढताना दम लागायचा, डाव्या खांद्यात कळ यायची, तर म्हणायची, "साखर कारखाना सुरू झालाय, ट्रॉलीवाल्यांची घाई हाय. हे उरकलं की जाते डॉक्टरकडं." मी भांडले. दौंडला ये, इथं दाखवू म्हटलं. आली, पण कापडाचा गठ्ठा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतली. कुठं वाचवायचं आणि कुठं नाही, हे जिला सगळ्या बाबतीत कळलं, तिला स्वतःच्या बाबतीत कळू नये... का तिनं स्वतःला घरचंच धरलं, वाचवायच्या गोष्टींत? ती कात्री हातात घेऊनच खाली बसली, असं सुनंदा सांगते. पुण्याला न्यायला गाडी येईस्तोवर सगळं संपलं होतं.

दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी न्हावऱ्याच्या एका ट्रॉलीवाल्याचा माणूस माल न्यायला आला. त्याला काही माहीत नव्हतं. दादा त्याला म्हणाला, "आता बंदच करायचं म्हणतोय. कोण बघणार?" भाचा खाली मान घालून उभा. तेवढ्यात सुनंदा शेडकडं चालत गेली आणि तिनं कडी काढली. "भाऊजी, माल परवा न्या," ती त्या माणसाला म्हणाली. तिच्यामागं एकेक करत बाकीच्या बायका आत शिरल्या. कुणी दादाला विचारलं नाही. मोटारी सुरू झाल्याचा आवाज आला, तसा दादा उठला आणि दोरी शोधू लागला, गठ्ठे बांधायची.

हात कमी पडत होते म्हणून मी वहिनीच्या मशीनवर बसले. तिच्या स्टुलावर जीन्सच्या चिंध्या भरून शिवलेली जाड गादी होती, मधोमध दबलेली. वहिनी माझ्यापेक्षा उंच. माझे पाय मशीनच्या खालच्या पायट्याला पोचेनात. सुनंदानं बघितलं. म्हणाली, "आत्या, ती बैठक वहिनींच्या मापाची हाय. काढून ठिवू का?"

"राहू दे," मी म्हटलं, आणि थोडी पुढं सरकले. पाय पोचले.