चौथी रेघ

शंकू कापला की चार तऱ्हेच्या रेघा निघतात. त्यातल्या तीन मला येतात. चौथी राहिली, आणि तिची हुरहुर अजून जात नाही. कुणी हसेल तर हसो.

माझा थोरला भाऊ, दादा, औरंगाबादेस शिकायला होता. शाळा निजामाची, पुस्तकं सगळी उर्दूत. एका दिवाळीला तो भूमितीचं पुस्तक घेऊनच घरी आला. परीक्षा जवळ आलेली आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. मी अकरा-बारा वर्षांची, अंगणात नव्या चुलीसाठी माती मळत बसले होते. तो उर्दूत वाचायचा आणि मग मला आपल्या बोलीत सांगायचा. मला सांगितलं की त्याला समजतं, असं त्याचं म्हणणं.

मी त्याच मातीचा शंकू केला आणि कुंभार चाकावरचं मडकं कापून उतरवतो तसा त्यातून दोरा ओढला. आडवा ओढला तर गोल निघाला, जरा तिरका ओढला तर लांबट गोल. मग दादा म्हणाला, "आता शंकूच्या उताराला समांतर धर." मी कापलं. रेघ वर वळून दोन्हीकडून खाली आली आणि तशीच उघडी राहिली.

"खाली माती कमी पडली," मी म्हणाले. "आजून लाव, मिटंल."

आम्ही बुडाला माती थापली, पुन्हा कापलं, पुन्हा थापली. रेघेची टोकं लांबच जात राहिली. दुपार कलता कलता दादा ओरडला, "न्हाई मिटत! कितीबी माती लावली तरी न्हाई मिटत! आता कळलं बग!" तेवढा आनंद मला पुढे क्वचितच झाला.

आई बाहेर आली. "चुलीची माती कावून संपिली गं?" धपाटा मला बसला, त्याला नाही.

चौथ्या रेघेला दोन शंकू लागतात, टोकाला टोक लावून, एवढंच त्याने जाताना सांगितलं. "फुडच्या सुट्टीत दावतो." ती सुट्टी यायच्या आत, माघात, माझं लग्न झालं. दादा आला होता, पण मुंडावळ्या बांधलेल्या नवरीने मांडवात भूमिती कशी विचारावी? सासरी चुलीची माती मळताना मी दोन शंकू करून पाहिले. वरचा टोकावर उभाच राहीना. सासूबाई यायच्या आत मी माती एक करून टाकी.

आठ-नऊ वर्षांनी भाऊबीजेला दादा भेटला. तोवर तो हैदराबादेत कचेरीत लागला होता. मी ओवाळलं. "काय पायजे, सांग," तो म्हणाला.

"दादा, ती चौथी रेघ दाव की."

त्याला आठवेना. मी माती सांगितली, दोरा सांगितला, तेव्हा हसला. "ते व्हय! ते परीक्षेपुरतं होतं गं. कवाच इसरलो." आणि माझ्या हातात जरीकाठी लुगडं ठेवलं.

मी ते घेतलं आणि आत जाऊन पोटभर रडले. परीक्षा त्याची होती. मला ती रेघ नुसती पाहायची होती.