जयपूर ते टोरंटो, केरासकट

विमा कंपनीत उभा जन्म काढल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसते अशी माझी पक्की समजूत आहे. मुलगी टोरंटोला शिकायला निघाली, त्याआधीच मी संगणकावर अंतर काढून ठेवलं होतं. साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर, विमानाने तेरा तास. प्रताप नगरातल्या आमच्या भाजीवाल्यालाही हा आकडा मी न विचारता सांगितला.

ती निघायच्या आदल्या संध्याकाळी आंधी आली आणि घरभर वाळू झाली. बॅगा भरायच्या गडबडीत झाडायला कुणाला सुचतंय! पहाटे बायकोने तिच्या हातावर दही घातलं, टॅक्सी वळली, आणि मी झाडू उचलला.

"अहो, ठेवा तो," बायको म्हणाली. "ती पोचल्याशिवाय केर काढायचा नाही."

तिच्या माहेरची, साताऱ्याकडची पद्धत. प्रवासाला निघालेलं माणूस सुखरूप पोचलं की मगच घर झाडायचं.

"तेरा तास," मी म्हणालो. "दिवेलागणीच्या आत काढतो."

दिवसभर पायांखाली वाळू करकरत होती. पोळीतसुद्धा कचकच लागली. संध्याकाळी तेरा तास भरले. बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. मी आतली खोली झाडली, सुपली भरली आणि ऐटीत मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग तिचं तिकीट नीट वाचलं. माझे तेरा तास जयपूरहून उडून थेट टोरंटोत उतरणाऱ्या विमानाचे होते, आणि तसं विमानच नाही. आधी दिल्ली, मग आणखी एक विमानतळ, मध्ये ताटकळणं. ते सगळं मी किरकोळ म्हणून सोडलं होतं. पोरगी जेमतेम अर्ध्या वाटेवर, आणि मी केर काढून मोकळा!

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी जिन्यावर पावलं वाजली आणि मी, तक्त्यांचा माणूस, सुपलीतली वाळू मुठीमुठीने खोलीत परत पसरू लागलो.

बायको दारात थांबली. माझ्या हातांकडे पाहिलं आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

सकाळी फोन आला. "पोचले बाबा! मतलब, कधीचीच पोचले, बॅग यायला वेळ लागला. आईला सांगा, आता काढा केर."

बायकोने झाडू माझ्याच हातात दिला. "पसरलीत तुम्ही, काढाही तुम्हीच."

झाडत झाडत बाहेरच्या खोलीत आलो. वाळूत तिच्या बॅगेच्या चाकांच्या दोन रेघा उंबऱ्यापर्यंत गेल्या होत्या. ती पोचली याचा आनंद होताच, पण ती गेली हे मला तिथे कळलं.

"हे उद्या काढतो," मी म्हणालो.

तेवढ्यात दूधवाल्या भैयाने बेल वाजवली. बायको पातेलं घेऊन दाराकडे निघाली आणि त्या रेघांवर पाय पडू न देता भिंतीच्या कडेकडेने गेली.