लांजेवार सरांचं चित्र

आमच्या शाळेत चित्र काढता येणारा माणूस एकच होता. त्याच्याच निरोपाला त्याचं चित्र काढायचं ठरलं, तेव्हा ते काढणार कोण, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

तो माणूस म्हणजे लांजेवार सर, आमचे ड्रॉइंगचे सर. नवेगाव बांधच्या बाजूच्या आमच्या हायस्कूलमध्ये भिंतीवर खिळा सोडून जे काही दिसतं, ते सगळं त्यांनी काढलेलं. प्रयोगशाळेतलं हृदय त्यांचं, वाचनालयातली सरस्वती त्यांची. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, आधी तर ड्रॉइंगच्या खोलीबाहेर लाकडी नंदीबैलांची रांग लागायची, आणि सर एकेकाला रंगवत विचारायचे, "याचं नाव काय ठेवलं गा?" नाव कळल्याशिवाय डोळे काढायचे नाहीत! मी भूगोल शिकवतो, पण फळ्यावरचा भारतसुद्धा सरच काढून द्यायचे. (एकदा ते सुट्टीवर होते म्हणून मी काढला. मुलांनी विचारलं, "सर, हे वांगं होय का?")

तरीही चित्राची माळ माझ्याच गळ्यात पडली, कारण मी याच शाळेत सरांच्या हाताखाली शिकलो आणि चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास झालो होतो. कशी पास झालो, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

"जमन ना जी तुमाले?" मुख्याध्यापिका कटरे मॅडमनी विचारलं.

"त्यात काय, मॅडम? चेहरा म्हणजे नकाशाच!" मी म्हणालो. माणसाची जीभ वेळेवर का अडखळत नाही, देव जाणे!

पहिली अडचण फोटोची. शाळेचे सगळे फोटो धुंडाळले, पण एकातही सरांचं तोंड नाही! स्नेहसंमेलन असो की झेंडावंदन, सर प्रत्येक फोटोत पाठमोरे. कुठे फलक लिहून राहिले आहेत, कुठे पोरीच्या मुकुटाला चमकी लावून राहिले आहेत, कुठे शिडीवर तोरण बांधून राहिले आहेत. इतकी वर्षं सगळ्यांना सजवताना हा माणूस एकदाही कॅमेऱ्याकडे वळलेला नव्हता.

"मंग पाठच काढा ना सर," पीटीचे उइके सर म्हणाले. "पाठ तं सगळेच ओळखतेत."

तेव्हा आम्ही हसलो. आता वाटतं, त्या दिवशी शाळेत तेवढंच एक शहाणं वाक्य बोललं गेलं.

शेवटी ओळखपत्रावरचा इवलासा फोटो मिळाला. रविवारी सर तळ्यावर पक्ष्यांची चित्रं काढायला जातात, ती संधी साधून आम्ही ड्रॉइंगच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर चढाई केली. मी चौकोन आखले, नाक काढलं. नाक खरंच बरं जमलं! त्याच आनंदात कान काढले, आणि तिथंच गणिताच्या रहांगडाले मॅडम फूटपट्टी घेऊन आल्या.

"सर, डावा कान मोठा झाला."

मी उजवा वाढवला.

"आता उजवा मोठा झाला."

मी डावा वाढवला. असं करता करता कान खांद्याला टेकायला आले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता बरोबर हायेत. पण डोकं लहान पडून राहिलं."

मग डोकं वाढवलं. डोकं वाढलं तसे डोळे एकमेकांपासून दुरावले. अंगाचा रंग संपला, तर उइके सरांनी व्हॉलीबॉलच्या खांबाचा उरलेला रंग आणून दिला. "सेम टू सेम हाय जी, बिनधास्त मारा!" ओला होता तोवर सेम होता. वाळल्यावर सर छपरावरच्या कवेलूसारखे लाल दिसायला लागले.

दुपारी माझी बायको सुनंदा डबा घेऊन आली. भिंतीसमोर उभी राहिली आणि चटकन डोक्यावर पदर घेतला.

"काऊन गं?"

"तिरोड्याच्या मामाजींचं चित्र शाळेत कायले काढून राहिले तुमी?"

माझे मामा बँकेतून रिटायर झाले आहेत. त्यांचा चित्रकलेशी काही संबंध नाही. चुन्याचा हात मारून सगळं झाकायचा प्रयत्न केला, तर मामा नुसतेच पावडर लावल्यासारखे दिसू लागले! शेवटी पुन्हा रंग चढवला आणि वरून पडदा टांगला.

दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ. पटांगणात पोरं, गावकरी, पुढच्या खुर्चीवर सरांच्या पत्नी. मला वाटलं, वीज जाईल, पाऊस येईल, काहीतरी होईल. काही झालं नाही. कटरे मॅडमनी पडदा ओढला.

पटांगणातल्या सगळ्यांनी माना उंचावल्या. सरांच्या पत्नींनी शेजारच्या रहांगडाले मॅडमना मोठ्यानं विचारलं, "हे कोण हायेत बाई? यांचाही आजच निरोप हाय का?"

मग जो हशा उसळला, तो आवरेना. हसू नव्हतं ते फक्त सरांच्या चेहऱ्यावर. ज्या माणसानं कुणाच्या लाकडी बैलालाही कधी नावं ठेवली नाहीत, त्याचं त्याच्याच शेवटच्या दिवशी मी हसं केलं होतं.

सर उठले, भिंतीजवळ गेले. चष्मा पुसून वरपासून खालपर्यंत चित्र पाहिलं.

"कोणं काढलं?"

"मी, सर," मी म्हणालो.

"एकट्यानं नाही जी," रहांगडाले मॅडम उठल्या. "कान मी मोजले."

"रंग माहा," उइके सर उठले.

"पडदा माझा," कटरे मॅडमही उठल्या.

सरांनी रंगावरून हळूच बोट फिरवलं. म्हणाले, "इतके वर्ष मी सगळ्याइचे चित्र काढले. माहं कोणीच काढलं नोहतं." आणि त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग हसणारं अर्धं पटांगण डोळे पुसायला लागलं.

गर्दी पांगल्यावर मी हळूच म्हटलं, "सर, तुमच्या हातानं एवढा चेहरा दुरुस्त करून टाका ना."

"त्याले हात नाही लावत मी. जीव लावून काढला तुमी सगळ्याइनं." मग चित्राकडे पाहून ते पहिल्यांदा खुदकन हसले. "पण एकटा राहिला तं लोक हसतीन बापा त्याले. त्याले सोबत पाहिजे."

रिटायर झालेला माणूस दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन शाळेत हजर! आठवडाभर खपून सरांनी आपल्या चित्राशेजारी आमचा अख्खा स्टाफ काढला. आणि ज्यांच्या हातून उभ्या जन्मात वाकडी रेघ निघाली नाही, त्यांनी आम्हा सगळ्यांना मुद्दाम वाकडं काढलं! कटरे मॅडमचा अंबाडा डोक्यापेक्षा मोठा, उइके सरांच्या तोंडात कोहळ्याएवढी शिटी, रहांगडाले मॅडमच्या चष्म्याची एक काच चौकोनी. सगळेच तसे दिसल्यावर सरांचं चित्रही त्यात शोभायला लागलं. गोंदियाहून आलेले एक साहेब तर म्हणाले, "वाह, क्या स्टाइल है!"

टोकाला मी होतो. कान वरखाली, मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं. मला भरून आलं.

"सर," मी म्हणालो, "माझ्यासाठी तुम्ही आपला इतका सुंदर हात मुद्दाम बिघडवला!"

सरांनी ब्रश पाण्यात बुडवला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"नाही गा दिलीप," ते मायेनं म्हणाले, "तुह्या वेळेस काही बिघडवा नाही लागलं. तुले मी जसाच्या तसा काढला."