डाव्या बुटातली चावी

कुरुळीत सोनबांच्या चाळीत दहा खोल्या आहेत. दहाही पत्र्याच्या, आणि दर खोलीला एक कुलूप, एक चावी. दुसरी चावी करायची नाही हा सोनबांचा कायदा. मागे एका भाडेकरूनं गुपचूप चावी करून घेतली आणि दोघांच्या खोलीत अकरा जण झोपायला लागले, तेव्हापासूनचा. "येक म्हंजे येक. दुसरी दिसली की सामान बाहीर, मग माज्या नावानं बोंबलायचं न्हाई," असं ते खोली देतानाच सांगतात. आणि सोनबा बोलतात तसं करतात, हे सगळ्या चाळीला ठाऊक आहे.

ज्योतीराम सात नंबरात राहतो. जिंतूरकडचा माणूस, वय अठ्ठेचाळीस. बायको जाऊन आठ वर्षं झाली. एकुलती एक मुलगी साक्षी, ती नांदेडला दिली; तिला तिचा संसार आहे. गावात घर आहे म्हणावं तर त्यात भाऊ राहतो, आणि भावाच्या घरी पाहुण्यासारखं किती दिवस बसणार? म्हणून हा इकडं आला. चाकणला एका छोट्या कंपनीत पॅकिंगला आहे. गाड्यांचे पार्ट खोक्यात भरायचे, वरून पट्टी मारायची, खोकं ढकलायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी.

खोलीतला दुसरा माणूस अजिम. भूमचा, तिशीतला, लग्न ठरता ठरता राहिलेला. त्याची कंपनी वेगळी आणि पाळी नेमकी उलटी. ज्योतीराम दिवसपाळीला तर अजिम रातपाळीला. हा येतो तेव्हा तो गेलेला, तो येतो तेव्हा हा गेलेला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. सात नंबरात दीड वर्ष राहिल्या राव, फक्त एका वेळी एकच.

सुट्टीही वेगळी. ज्योतीरामची गुरुवारी, अजिमची रविवारी. ज्या गुरुवारी अजिम रातपाळी करून सकाळी येऊन झोपायचा, त्या गुरुवारी ज्योतीराम दिवसभर बाहेर दगडावर बसून राहायचा. आत भांडं वाजलं तर पोराची झोप मोडेल. स्वतःच्या सुट्टीला स्वतःच्या खोलीबाहेर बसणारा हा कुरुळीतला एकटाच माणूस असेल. संध्याकाळी अजिम उठला की दोघं एकत्र जेवायचे, तेही ज्योतीरामनं भाकरी थापून ठेवली असली तर. दीड वर्षात असं जेवण झालं सात-आठ वेळा.

मग ओळख कशावर? तर चावीवर.

दाराबाहेर ज्योतीरामचे जुने सेफ्टी बूट पडलेले असत, टोकात लोखंडाची वाटी असलेले. उजव्याचा तळ उसवलेला, म्हणून चावी डाव्यात. जो कामाला निघेल त्यानं कुलूप लावून चावी बुटाच्या टोकात सरकवायची, जो येईल त्यानं हात घालून काढायची. चावी हरवू नये म्हणून अजिमनं तिला कंपनीतला एक मोठा नट बांधला होता. आणि बुटात नुसती चावी नसायची. कधी लिंबू, कधी पित्ताची गोळी, रमजानात खजूर. बरोबर चिठ्ठी. अजिमच्या कंपनीत चांगल्या मालाला हिरवा टॅग लावतात आणि फेकायच्या मालाला लाल. त्या टॅगांच्या पाठीवर तो लिहायचा. "भाऊ, चहा झाकून ठेवलाय." "भाऊ, खोकला वाढला तर सुट्टी टाका, हिरोगिरी नको." लाल टॅग असला की समजायचं, गॅस संपलाय.

बारा तास खोकी ढकलून आलेला माणूस. दिवसभरात त्याच्या नावानं कुणी हाक मारलेली नसायची. सुपरवायझर "ए पॅकिंग" म्हणायचा. चाळीच्या कोपऱ्यावर आला की ज्योतीरामचे पाय आपोआप उचलले जायचे. वाकून बुटात हात घालायचा, बोटाला नट लागायचा, आणि त्याला बरं वाटायचं. आपण यायच्या आधी कुणीतरी आपला विचार केला होता, एवढंच. त्याला ते पुरायचं. हसू नका, ज्याला रोज दार उघडायला कुणीतरी असतं, त्याला हे कळायचं नाही.

श्रावणात एके दिवशी सकाळी ज्योतीराम रातपाळी करून आला, बुटात हात घातला, तर बोटाला नट लागलाच नाही. निघाली ती नवीकोरी, चकचकीत चावी आणि हिरवा टॅग. "भाऊ, दुसरी करून घेतली. ही तुमची. जुनी माझ्याकडं. आता बुटाची भानगड नको. सोनबांना बोलू नका."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, सुटलो एकदाचा. ज्योतीराम मात्र चावी हातात धरून दारात उभा राहिला. लिंबू नाही, गोळी नाही. दुसऱ्या दिवशी खिशातून चावी काढली, दार उघडलं, आत गेला. तिसऱ्या दिवशी तेच. बूट बाहेर पडून होते, त्यात हात घालायचं काही कारणच उरलं नव्हतं. चहा झाकून ठेवणंही बंद पडलं. चावी ठेवायला थांबायचं नाही, तर चहाची आठवण कशाला होईल? आठवडाभरात सात नंबरात दोन परकी माणसं राहायला लागली. ज्योतीरामला भारी वाईट वाटलं. आपला कंटाळा आला असेल पोराला, असं त्यानं मनाशी धरलं. तरणं पोरगं, म्हाताऱ्याचे बूट किती दिवस चाचपणार?

विचारायचं ना सरळ? पण नाही. तोंड उघडून "मला करमत नाही" म्हणेल तर तो ज्योतीराम कसला.

त्यानं दुसरीच शक्कल लढवली. नवी चावी पेटीत बायकोच्या फोटोमागं सारली, आणि गुरुवारी अजिम उठून डोळे चोळत बसला तेव्हा म्हणाला, "अजिम, माझी चावी हरवली बघ."

"कुठं?"

"बसमध्ये पडली असंल. लई हुडकली."

अजिमचा चेहरा उतरला. ज्योतीरामला वाटलं, झोप पुरी झाली नसेल.

"असू द्या भाऊ," तो म्हणाला. "बूट आहे की."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून बुटात नट वाजायला लागला. लिंबू आलं, टॅग आला, चहा झाकलेला मिळायला लागला. ज्योतीराम खूश. एकदा तर खोकी भरता भरता गुणगुणत होता, म्हणून सुपरवायझरनं वळून बघितलं. लबाडी पचली, असं त्याला वाटत होतं. आठ दिवस पचली.

नवव्या दिवशी तो रातपाळीहून आला. बुटात नट, चावी आणि टॅग. दार उघडलं तर अजिमची पेटी नव्हती. खुंटीवरचे कपडे नव्हते. शेगडीवर चहा झाकलेला होता. ज्योतीरामनं उजेडाला येऊन टॅग वाचला. अक्षर बारीक, दोन टॅग भरलेले.

"ज्योतीरामभाऊ, मी पर्मनंट झालो. पुनावळ्याला खोली मिळाली, कंपनीची गाडी तिथूनच उचलते. कागद हातात पडल्याशिवाय बोलू नको, नजर लागते, असं अम्मीनं बजावलं होतं म्हणून बोललो नाही. तिथं सहा जण आहेत, एकाचीही ओळख नाही. म्हणून दुसरी चावी करून घेतली होती. एक तुमच्याकडं राहील, एक मी घेऊन जाईन, रविवारी हक्कानं दार उघडून येईन असं ठरवलं होतं. ती हरवली. आणखी एक करून घ्यायला मन झालं नाही, सोनबांना फसवून केलेली वस्तू टिकायची नव्हती. आता एकच आहे, ती तुमची. गोळ्या वेळेवर घ्या. अजिम."

ज्योतीरामनं दोनदा वाचलं. मग पेटी उघडली आणि फोटोमागची चावी काढली. चकचकीतच होती अजून, तिला हात कुठं लागला होता? करायला गेलं काय आणि झालं काय. ज्या पोरानं आपल्याकडं यायला चावी केली, त्याचीच चावी आपण लपवून बसलो. त्यानं आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. चहा समोर होता, तो त्याला गिळवेना.

दुपारी अजिमची जेवणाची सुट्टी होईपर्यंत तो जागाच राहिला. मग फोन लावला.

"अजिम, चावी सापडली."

"अरे वा. कुठं होती?"

आता तरी खरं सांगायचं. शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले होते. पण या वयात पोराला काय सांगायचं, की तू बुटात लिंबू ठेवावंस म्हणून मी खोटं बोललो?

"बुटात," ज्योतीराम म्हणाला. "पार टोकात अडकली होती."

पलीकडं अजिम थोडा हसला. मागं कँटीनचा गलका होता, कुणीतरी त्याला नावानं हाक मारत होतं.

"मग तिथंच राहू द्या, भाऊ. येईन मी एखाद्या रविवारी."

"ये. मी ड्युटीवर असलो तरी दार उघडून बस. चहा झाकून ठेवतो."

चार दिवसांनी सोनबा दारात येऊन उभे राहिले. "येकटाच ऱ्हातोस न्हवं आता? आणू का कुनी दुसरा?" ज्योतीराम म्हणाला, थांबा थोडं. सोनबांची नजर बुटांकडं गेली. "आन् ही खेटरं फेक की. कशाला ठिवलीत?" ज्योतीराम म्हणाला, असू द्या, पावसापाण्याला लागतात. सोनबा गेले.

आता नट बांधलेली चावी ज्योतीरामच्या खिशात असते आणि नवी बुटात. रविवारी कामावर निघताना तो चहा करून झाकतो, कुलूप लावतो. परत आला की खिशात हात घालायच्या आधी वाकतो आणि डाव्या बुटात हात घालतो. पाच रविवार झाले. त्यानं ठेवताना चावीचे दात भिंतीकडं केलेले असतात, आणि दर वेळी ते भिंतीकडंच असतात, आतला चहा तसाच झाकलेला.